डोंगर चढून आल्यावर हलकं का वाटतं?

प्रश्न : मी चिंचवडला राहते, बँकेत नोकरी करते. घरात देवपूजा सासूबाई करतात. त्या गावाला गेल्या की मी करते, पण माझं मन तिथे रमत नाही, उरकल्यासारखं होतं. रविवारी पहाटे घोराडेश्वरचा डोंगर चढून वर थोडा वेळ बसले, की मात्र आतलं सगळं निवल्यासारखं वाटतं. कधी कधी उगाचच डोळे भरून येतात. खाली आल्यावर मुलांवर, सासूबाईंवर, कुणावरच माझा आवाज चढत नाही. मंगळवार उजाडेपर्यंत पुन्हा सगळं पहिल्यासारखं होतं. आमचे हे म्हणतात, ‘ही ताज्या हवेची आणि व्यायामाची करामत आहे, तिला अध्यात्म वगैरे म्हणू नकोस.’ त्यांचं बरोबर आहे का? आणि हे टिकत का नाही?

उत्तर : ताई, तुम्ही नकळत डोंगर मोठा नामी निवडलात. घोराडेश्वरला ज्या गुहेत आज महादेवाची पिंड आहे, ते मुळात बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेलं लेणं. तिथून इंद्रायणीच्या पलीकडे भंडारा डोंगर, आणि आणखी पुढे चाकणच्या अंगाला भामचंद्र. या तिन्ही डोंगरांवर लेणी आहेत आणि तिन्ही डोंगरांशी देहूच्या तुकोबांचं नाव जोडलेलं आहे. म्हणजे तुम्हाला रविवारी जे सापडतं, तेच शोधायला माणसं या कातळावर शतकानुशतकं येत आली आहेत. कुणी चीवर पांघरून आलं, कुणी हातात वीणा घेऊन.

तुकोबांचं उदाहरण मी जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी त्याचा थेट संबंध आहे. ते संन्यासी नव्हते. वाण्याचं दुकान, देहूच्या बाजाराची महाजनकी, घराण्यात सावकारी, असा त्यांचा व्याप होता. 1630 च्या सुमाराला दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. बायको अन्नान्न करत गेल्याचं त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे. असा होरपळलेला माणूस भामचंद्रावर जाऊन बसला. परंपरा म्हणते की पंधरा दिवस तो तिथेच होता. इकडे धाकटा भाऊ कान्होबा रानोमाळ शोधत होता, शेवटी त्याला तो डोंगरावर सापडला. पुढे जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले. घरात लोकांच्या कर्जाची खतं पडून होती. तुकोबांनी त्यांची निम्मी वाटणी कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी नदीत बुडवून टाकली. ज्यांच्याकडून येणं होतं, तेही त्याच दुष्काळातून उठलेले लोक होते.

डोंगरावर त्या दिवसांत काय झालं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. तो साक्षात्कार मोजायचं माप आपल्याकडे नाही. डोंगर उतरून आल्यावर त्यांनी काय केलं ते मात्र साऱ्या गावाला दिसलं. म्हणून तुमचं पत्र वाचताना ‘डोळे भरून येतात’ या वाक्यापेक्षा ‘कुणावरच आवाज चढत नाही’ या वाक्यापाशी मी जास्त थांबलो. वर जे घडतं ते खरं की मनाचे खेळ, याचा दाखला माझ्या मते तुमच्याच स्वयंपाकघरात मिळतो आहे.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. हवा आणि व्यायाम यांचा वाटा मोठा आहे, हे त्यांचं अगदी बरोबर आहे. निसर्गाच्या नुसत्या दर्शनानेही शरीरावर परिणाम होतो, हे अनेक अभ्यासकांनी तपासलं आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने पाहिल्या. 23 जणांच्या खिडकीबाहेर झाडं होती, तशाच दुसऱ्या 23 जणांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी तीव्रतेची पुरली. हे सगळे खाटेवर पडलेले रुग्ण होते, त्यामुळे इथे व्यायामाचा प्रश्नच येत नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने याच्या कारणाचा माग काढला. आकडे तपासताना, ग्राहकाशी बोलताना, रहदारीतून गाडी काढताना आपण लक्ष जबरदस्तीने एका जागी धरून ठेवतो. ते धरून ठेवण्याची ताकद दिवसभरात संपत जाते आणि ती संपली की माणूस चिडतो. पानांची सळसळ, ढगांची सावली, पाण्याचा ओघळ यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, धरावं लागत नाही. तेवढ्या वेळात ती थकलेली ताकद विसावते. दिवसभर नोटा आणि नोंदी मोजणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

पण एवढ्याने तुमचे भरलेले डोळे उलगडत नाहीत. त्यासाठी आणखी एक प्रयोग सांगतो, 2015 साली प्रसिद्ध झालेला. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठाच्या आवारात निलगिरीच्या प्रचंड उंच झाडांची एक राई आहे. पॉल पिफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना तिथे उभं करून एक मिनिट मान वर करून झाडं बघायला लावली. दुसऱ्या गटाला तिथूनच एक उंच इमारत बघायला सांगितली. मग एक माणूस जवळून जाताना ‘चुकून’ हातातली पेनं खाली पाडायचा. झाडं बघितलेल्यांनी त्याला जास्त पेनं उचलून दिली. एका प्रयोगावर फार भार टाकू नये हे खरं. पण आपल्याहून अफाट काही समोर आलं की माणसाचं ‘मी, मी’ थोडं आक्रसतं आणि तेवढीच जागा शेजारच्या माणसाला मिळते, असं या अभ्यासकांना दिसलं. निम्मी खतं नदीत सोडणाऱ्या तुकोबांची आठवण मला इथे झाल्याशिवाय राहिली नाही.

तेव्हा यजमानांना सांगा, हवा खरी, व्यायामही खरा, आणि अध्यात्म या दोन्हींपासून वेगळं काढता येत नाही. ध्यानाला बसणारा माणूसही शेवटी श्वासच मोजत असतो. शरीराच्या वाटेने आलं म्हणून ते हलक्या प्रतीचं, असं मी मानत नाही. स्वतःचा पसारा क्षणभर बाजूला होणं आणि त्यामुळे दुसऱ्याशी जास्त मायेने वागता येणं, याला मी निःशंकपणे अध्यात्म म्हणेन. तिथे देवाचं नाव घेतलंत तरी ठीक, न घेतलंत तरी ठीक. गौतम बुद्धांना बोध पिंपळाखाली झाला आणि त्यांचं परिनिर्वाण दोन साल वृक्षांच्या मधे झालं. छप्पर दोन्ही वेळा नव्हतं.

मंगळवारपर्यंत ते का विरतं, हा तुमच्या पत्रातला सर्वांत कळीचा प्रश्न. इथे लेण्यांतल्या भिक्षूंकडून शिकण्यासारखं आहे. आपण समजतो की ते जगापासून दूर पळाले. नकाशा काढून बघा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी घाट चढून येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेला लागून आहेत आणि जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर. भिक्षू वर राहत, पण भिक्षेसाठी त्यांना गावावरच विसंबावं लागे. म्हणजे एकांत होता, पण तो गावाच्या हाकेच्या अंतरावर. डोंगर आणि गाव यांच्यामधली पायवाट रोज पायाखाली होती, म्हणून वरचं खाली झिरपत राहिलं. आठवड्यातून एकदाच दोन टोकांना जोडणारी फेरी केली, तर मधे सहा दिवसांचा खड्डा पडणारच.

इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून 2019 साली एक अभ्यास झाला. आठवड्याला एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ते दोन तास एका दमात घालवले की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. हे वाचून मला वाटलं, घोराडेश्वर रविवारचाच असू दे, पण बुधवारी बँकेजवळच्या एखाद्या झाडाखाली दहा मिनिटं बसायला काय हरकत आहे? फोन पर्समध्ये, पर्स मांडीवर. झाडही रोज तेच ठेवा. बदल दिसू लागतो तो एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा बघितलं तरच. कुठल्या फांदीला आधी पालवी आली, पाखरू कुठे बसतं, मुंग्यांची रांग कुठून जाते. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 साली आलं. एकेका मराठी महिन्यात झाडं, फुलं आणि आभाळ कसं पालटतं, ते त्यांनी त्यात टिपलं. घरी आणून ठेवा, त्या त्या महिन्यात ते ते प्रकरण वाचा.

डोंगरही एकच धरा. दर सुट्टीला नवा गड, नवा धबधबा असं केलं की मन जागा गोळा करण्यात गुंतून पडतं. घोराडेश्वर श्रावणात हिरवागार असतो, भाद्रपदात सोनकी पिवळी होते, दिवाळीनंतर कुसळी गवत मोज्यांत घुसून टोचतं आणि वैशाखात तोच डोंगर करपून उघडा पडतो. या वैशाखातल्या डोंगरावरही जा. माझा अनुभव असा की हिरवळ नसलेल्या दिवसांत बसायला शिकलं की घरातल्या रुक्ष दिवसांतही बसता येतं.

एक गोष्ट वर्षावासाची. पावसाळ्यात भिक्षू भटकत राहतात, कोवळं गवत तुडवतात, त्यांच्या पायाखाली बारीक जीव मरतात, अशी तक्रार लोकांनी केली, तेव्हा बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी थांबण्याचा नियम घालून दिला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने. गवताची आणि किड्यामुंग्यांची कदर करणं हाही त्या साधनेचाच भाग होता. पावसाळी रविवारी आपल्या डोंगरांवर किती गर्दी लोटते, ते तुम्ही पाहताच. तेव्हा मळलेल्या वाटेनेच चढा आणि बसायला उघडा कातळ शोधा.

डोळे भरून येतात त्याचं भय वाटू देऊ नका. आठवडाभर धावपळीत जे दुःख बघायला वेळ मिळत नाही, ते शांत जागा मिळाली की वर येतं. मात्र हे रडू डोंगरावरून घरी येऊ लागलं, झोप आणि भूक उडाली, तर डॉक्टरांना जरूर भेटा. डोंगर त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आणि एकदा सासूबाईंना विचारून पाहा. चढ झेपणार नसेल तर पायथ्याला बसतील. ज्या बाईने रोज पहाटे उठून पूजा केली आहे, तिला पहाटेच्या शांततेबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असण्याचा संभव आहे.

प्रश्न : आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. गावाला जुनी देवराई आहे, आत ग्रामदेवतेचं कौलारू देऊळ. लहानपणी तिथे शिरताना अंगावर काटा यायचा आणि बाहेर पडताना खूप बळ आल्यासारखं वाटायचं. आता मुंबई मंडळाने जीर्णोद्धार काढला आहे. स्लॅबचं मोठं मंदिर, सभामंडप, गाडी थेट दारापर्यंत. त्यासाठी काही झाडं जातील. वर्गणी मागताहेत. द्यावी का? नाही म्हटलं तर देवाच्या कामाला आडवा आलो, असं होईल.

उत्तर : दादा, माझं मत स्पष्ट आहे : झाडं जाणार असतील तर या आराखड्याला वर्गणी देऊ नका. देवीच्या कामाला द्या, हात सैल सोडून द्या. पण त्या राईत देवीचं काम कोणतं, हे आधी बैठकीत ठरू दे.

वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोघांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या. त्यांना आढळलं की अनेक ठिकाणी देव उघड्यावरच आहे, आपल्यावर छप्पर घातलेलं त्याला चालत नाही अशी गावाची श्रद्धा आहे. राईतलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही, असा कडक नियम कित्येक गावांनी पाळला. त्या नियमाच्या आधाराने आजूबाजूचं रान उघडं पडलं तरी मोठाले वृक्ष आणि मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल टिकून राहिले. तुमच्या अंगावर काटा आला तो या वृक्षांखालच्या काळोखाने, ओलाव्याने, आणि इथे आपली सत्ता चालत नाही या जाणिवेने. जुन्या लोकांनी देवीला मानपान दिला तो अख्ख्या राईसकट. गाऱ्हाणं घालून, कौल घेऊनच आत हात लावायचा, ही रीत त्यातूनच आली.

श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकीकत गाडगीळांनी लिहिली आहे. तिथल्या राईचं लाकूड तोडलं जाणार होतं. राई गेली तर आमचा ओढा आटेल, म्हणून गावकऱ्यांनी ती वाचवण्यासाठी धाव घेतली. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही चैत्र-वैशाखात टँकर लागतात. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावरून पाणी तडक समुद्राला जातं. राईत पाचोळ्याचा जाड थर असतो, त्यात पाऊस मुरतो आणि सावकाश ओढ्याला येतो. गाडीच्या रस्त्यासाठी वरचं छत्र उघडलं की ऊन थेट जमिनीवर येतं, पाचोळा सुकतो आणि रानमोडी, घाणेरी शिरते. राईची कड तिथून आत आत सरकत राहते. स्लॅब शंभर वर्षं टिकेलही, पण त्याच्याभोवती राई राहील का, हे आत्ताच विचारायला हवं.

नुसतं ‘झाडं तोडू नका’ म्हणून चाकरमान्यांपुढे उभे राहिलात, तर तुम्ही एकटे पडाल. मुंबईत खोलीत दाटीवाटीने राहून, पगारातून पैसे बाजूला काढून जे लोक देवीसाठी देताहेत, त्यांच्या भावनेत काहीच खोट नाही. गावाने आपल्याला वाढवलं त्याची उतराई त्यांना करायची आहे. त्यांना करण्यासारखं दुसरं चांगलं काम दाखवा. आहे त्याच चौथऱ्यावर लाकूड आणि कौलांनी देवळाची नीट दुरुस्ती. राईभोवती जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे गुरं आत शिरणार नाहीत. ओढ्याच्या कुंडाची सफाई. पालखी बसते त्या सहाणेची डागडुजी. सभामंडप हवाच असेल तर राईबाहेर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत बांधा आणि गाड्याही तिथेच थांबू देत. म्हाताऱ्यांना देवळापर्यंत चालवत नाही ही अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी राईतल्या पायवाटेला जांभ्याचे चिरे बसवता येतील, मधे एखाद-दुसरा बसायचा पार.

वारकऱ्यांचं एक उदाहरण बैठकीत अवश्य सांगा. 2008 साली भामचंद्राच्या परिसरात, शिंदे-वासुलीला एका रसायन कंपनीचं केंद्र उभं राहत होतं. तुकोबा जिथे बसले त्या डोंगराचा पायथा आणि खालचं पाणी यांच्यासाठी वारकरी टाळ-मृदंग घेऊन रस्त्यावर उतरले आणि ते केंद्र तिथे झालं नाही. डोंगर राखणं हेही देवाचंच काम, असं ज्यांना वाटलं ते रोज हरिपाठ म्हणणारे लोक होते.

बैठक बहुतेक शिमग्याला होईल, कारण तेव्हा मुंबईकर गावात असतात. त्याआधी एकदा गावी जा. गुरव, मानकरी आणि गावातल्या दोन-तीन वयस्क बायकांना भेटा. पाणी भरायला ओढ्यावर बायकाच जात आल्या, त्यामुळे कुठल्या महिन्यात कुंड कुठल्या पायरीपर्यंत भरलेलं असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ते सगळं लिहून घ्या. जी झाडं जाणार आहेत त्यांची नावं आणि बुंध्यांचे घेर मोजून त्याच कागदावर मांडा. वर्गणीचा विषय निघण्याआधी तो कागद सर्वांसमोर वाचायला गुरवांनाच सांगा. ते वाचत असताना तुम्ही मधे बोलू नका. मग देवीचा कौल घ्यायची सूचना करा.